उपाध्यक्षपद नको, रोकडवही मागा

गेल्या पाडव्याला माझ्याकडे एक मुलगी आली होती. मुलगी म्हणायचं आपलं, आता पस्तिशीची आहे, दोन लेकरांची आई. एके काळी आमच्या खो-खोच्या संघात पहिल्या तुकडीत धावायची आणि खांबाला अशी वळायची की मागून पाठलाग करणारी दोन पावलं पुढेच निघून जायची. फराळाचं ताट हातात घेऊन बसली आणि म्हणाली, "ताई, खेळाच्या संघटनेत घेताहेत मला. उपाध्यक्ष करतो म्हणाले. हो म्हणू?"

मी म्हटलं, "चकली खा आधी. आणि नाही म्हण."

तिला त्या दिवशी दोन तास बसवून जे सांगितलं, ते इथे लिहिते आहे. मी इंदूरला लोकमान्य नगरात राहते, वय त्रेसष्ट. चौतीस वर्षं बँकेत नोकरी केली, त्यातली बरीचशी कॅश काउंटरवर. चिमणबागेच्या मैदानावर खो-खो खेळले, मग गुणलेखक झाले, मुलींबरोबर जाणारी 'लेडी मॅनेजर' झाले, नावापुरती उपाध्यक्ष झाले, नंतर कोषाध्यक्ष आणि शेवटची आठ वर्षं सचिव. खेळ कोणताही असो, जिल्ह्याच्या संघटना साधारण एकाच साच्याच्या असतात, त्यामुळे कबड्डीवाल्यांना आणि टेबल टेनिसवाल्यांनाही हे लागू पडेल.

सुरुवात गुणलेखकाच्या टेबलावरून

खेळणं थांबलं की बहुतेक जणींना दोनच वाटा दिसतात, कोच व्हायचं नाही तर घरी बसायचं. मैदानाच्या कडेला जे टेबल मांडलेलं असतं, तिकडे कुणाचं लक्षच जात नाही. खो-खोच्या सामन्याला दोन पंच, एक सरपंच म्हणजे मुख्य पंच, एक वेळाधिकारी आणि गुणलेखक लागतात. गुणलेखक व्हायला सहसा कुणी तयार नसतं, कारण सामना बघायला मिळत नाही. मान खाली घालून कुणी कुणाला कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला बाद केलं ते लिहीत बसायचं. म्हणूनच ती जागा मागितली की पटकन मिळते.

माझ्या चौदाव्या वर्षी, १९७७ मध्ये, चंद्रा नायडूंनी इंदूरला क्रिकेटचं धावतं वर्णन केलं होतं. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू यांच्या त्या कन्या, इंग्रजीच्या प्राध्यापक, आणि देशातल्या पहिल्या महिला समालोचकांपैकी एक. आमच्या घरात त्याची चर्चा झालेली मला आठवते. खेळात बाईसाठी मैदानाबाहेरही खुर्ची असू शकते, हे तेव्हा डोक्यात बसलं ते कायमचं.

टेबलावर बसून काय मिळतं ते सांगते. एका राज्य स्पर्धेत मुलींचा उपांत्य सामना बरोबरीत सुटला. अलाहिदा, म्हणजे जादा डावातही बरोबरी. मग लघुत्तम आक्रमण, म्हणजे पहिला गडी जो संघ कमी वेळात टिपेल तो विजयी. दोन्ही संघांच्या वेळेत फरक चार सेकंदांचा होता आणि हरलेल्या बाजूच्या मॅनेजरने आरडाओरडा सुरू केला. सरपंचांनी माझं गुणपत्रक मागितलं. त्यावर पाठलाग करणारीचा क्रमांक, बाद झालेलीचा क्रमांक, वेळ आणि वेळाधिकाऱ्याची सही, सगळं जागच्या जागी होतं. दहा-पंधरा पुरुष माझ्याभोवती वाकून माझं अक्षर वाचत होते. वाद पाच मिनिटांत संपला. त्यानंतर त्या मैदानावर मला कुणी "अहो बाई" म्हणून हाक मारली नाही.

तेव्हा पहिलं काम हे करा: तुमच्या खेळाची पंच परीक्षा द्या. नियमांचं पुस्तक तोंडपाठ असू द्या, अगदी परिशिष्टांसकट. ज्या नियमावर हमखास भांडणं होतात त्या पानाला खूण करून ठेवा. वर्षभरात निदान वीस-पंचवीस सामने लिहा, मग ते शाळेचे का असेनात. आपल्या हातच्या प्रत्येक गुणपत्रकाचा फोटो काढून ठेवायची सवय लावा. आमच्या वेळी मी कार्बन लावायचे.

मुलींबरोबर जा, पण पत्र घेऊन जा

दोन-तीन वर्षांत तुम्हाला मुलींचा संघ घेऊन बाहेरगावी जायला सांगतील. आता तर ती गरजच झाली आहे. महिला खेळाडू असतील तर पथकाबरोबर महिला प्रशिक्षक हवीच, असं भारतीय क्रीडा प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये बंधनकारक केलं. जिल्ह्यात मात्र हे काम बऱ्याचदा "घरातलं कार्य आहे, जरा सांभाळून घ्या" अशा सुरात सोपवलं जातं. भत्ता नाही, पत्र नाही, अधिकार नाही, आणि एखादी मुलगी आजारी पडली की जबाबदारी पूर्ण तुमची.

निघण्याआधी संघटनेच्या लेटरहेडवर नेमणुकीचं पत्र घ्या. त्यात पद 'संघ व्यवस्थापक' असं लिहून घ्या आणि खर्चाची मर्यादाही लिहून घ्या. प्रत्येक मुलीच्या पालकांचं संमतीपत्र, जन्मदाखल्याची प्रत, रक्तगट आणि घरचे दोन फोन नंबर एका फायलीत ठेवा. माझ्या पिशवीत याशिवाय एक स्क्रूड्रायव्हर, स्क्रू आणि चार कड्या असायच्या. राहायला शाळेचे वर्ग मिळतात आणि त्या शाळांच्या संडासांना आतून कडी नसते. पहिल्याच संध्याकाळी मी कड्या ठोकायला बसायचे. दोन मोठ्या मुली टॉर्च धरायच्या.

परत आल्यावर आठवड्याच्या आत लेखी अहवाल द्या. हे फार महत्त्वाचं आहे आणि हेच आपण टाळतो. कुठे उतरलो, किती मुलींमागे किती संडास होते, जेवण किती वाजता मिळालं, कुणाला काय लागलं, किती पैसे खर्च झाले. तक्रारीचा सूर नको, आकडे हवेत. एक प्रत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह रिसीव्हिंग, म्हणजे मिळाल्याची सही घ्या. माझे असे अकरा अहवाल साठले, तेव्हा मुलींच्या निवासाचा विषय सभेत पहिल्यांदा निघाला. तो मी काढला नव्हता. एका सदस्याने माझेच अहवाल वाचून काढला.

मत कुणाला आहे ते शोधा

आता माझी चूक सांगते. अहवालांमुळे नाव झालं आणि एका संघटनेने मला उपाध्यक्ष केलं. मोठा हार घातला, पेढे वाटले, पेपरात फोटो आला. पुढच्या चौदा महिन्यांत मला सभेची एकही सूचना आली नाही. वाटलं, सभाच होत नसतील. मग एक दिवस संस्थांची नोंदणी करणाऱ्या सरकारी 'फर्म्स अँड सोसायटी'च्या कार्यालयात दुसऱ्याच कामाला गेले होते, तिथे शुल्क भरून त्या संघटनेच्या कागदांची प्रमाणित प्रत मागितली. तीन सभा झालेल्या होत्या. तिन्हींच्या हजेरीत माझं नाव होतं आणि नावापुढे सही होती. ती माझी नव्हती.

त्या रात्री मला झोप आली नाही. बँकेत चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या सह्या ताडून पाहिल्या होत्या, आणि माझी स्वतःची सही कुणीतरी बिनदिक्कत ठोकून दिली होती. दुसऱ्या दिवशी लेखी हरकत नोंदवली आणि राजीनामा दिला. राजीनामा द्यायला नको होता, हे आता वाटतं. आत राहून भांडायला हवं होतं.

म्हणून पद स्वीकारण्याआधी संघटनेची नियमावली मिळवा. आपल्याकडे मध्य प्रदेशात या संस्था सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम, १९७३ खाली नोंदलेल्या असतात आणि सगळे कागद हिंदीत असतात. दरवर्षी त्यांना 'धारा २७' आणि 'धारा २८' (धारा म्हणजे कलम) यांची माहिती द्यावी लागते. पहिलीत कार्यकारिणीची यादी, दुसरीत हिशेब. कार्यालयात नुसतं "सत्ताईस-अट्ठाईस" म्हटलं तरी बाबूला कळतं. या दोन कागदांवरून कोण खरोखर कारभार करतं ते समजतं.

नियमावली वाचताना चार गोष्टी शोधा: मत कुणाला आहे, सभेची सूचना किती दिवस आधी द्यायची, गणपूर्ती किती (म्हणजे सभेला कमीत कमी किती सदस्य हवेत), आणि बँकेच्या खात्यावर कुणाच्या सह्या चालतात. उपाध्यक्षाच्या कामात बहुतेक ठिकाणी "अध्यक्षांच्या अनुपस्थितीत" एवढंच लिहिलेलं आढळेल. सचिव आणि कोषाध्यक्ष यांच्या कामांची यादी मात्र पानभर असते.

मताचं कोडं मला फार उशिरा उलगडलं. आमच्या नियमावलीत व्यक्तीला मत नव्हतं, मत संलग्न क्लबला होतं. मी कितीही चांगलं काम केलं असतं तरी निवडणुकीत माझा हात मोजलाच गेला नसता. तेव्हा आम्ही सात जणी जमलो आणि मुलींचा क्लब नोंदवला. सोसायटी नोंदवायला सात माणसं लागतात. माझ्या मोठ्या जाऊबाई, दोन जुन्या खेळाडू, एक शाळेतली व्यायाम शिक्षिका, दोघी पालक आणि मी. मग जिल्ह्याची संलग्नता घेतली, फी भरली, पावती फाइलला लावली. ही वार्षिक फी एक दिवसही उशिरा भरू नका. निवडणुकीच्या वर्षी मतदारयादीतून नाव उडवायला तेवढं निमित्त पुरतं.

रोकडवही

निवडून आले तेव्हा विचारलं, कोणतं पद? मी कोषाध्यक्षपद मागितलं. सगळ्यांना हायसं वाटलं, कारण ते काम कुणालाच नको होतं.

हिशेब आपल्याला जमणार नाही अशी भीती बऱ्याच जणींना वाटते. घरात दुधाचा, किराण्याचा, भिशीचा हिशेब ठेवणाऱ्या बाईला जिल्हा संघटनेची रोकडवही अवघड नाही. रोज आलेली रक्कम डावीकडे, गेलेली उजवीकडे, प्रत्येक नोंदीला पावती किंवा व्हाउचर, व्हाउचरला क्रमांक, आणि महिनाअखेरीस बँकेच्या पासबुकाशी मेळ. पहिल्या दिवशी आधीच्या कोषाध्यक्षाकडून शिल्लक लेखी घ्या, दोघांच्या सह्यांनी, साक्षीदारासमोर. मागचं नंतर बघू असं म्हणाल, तर मागचा सगळा गोंधळ तुमच्या नावावर चढेल.

मी दोन बदल केले. पहिला, खेळाडूंचा भत्ता रोख देणं बंद केलं आणि तो थेट पालकांच्या खात्यावर पाठवायला लागले. यावर कुरकुर झाली, महिनाभर काही जण बोलेनात, मग सवय झाली.

दुसरा बदल साधा होता, पण त्याने बरंच काही हललं. खर्चाच्या वहीत मी प्रत्येक बाबीखाली दोन रकाने पाडले: मुलगे, मुली. गणवेश, बूट, प्रवास, शिबिर, फिजिओ. आधी सगळं एकाच रकान्यात जायचं, त्यामुळे "आम्ही भेदभाव करत नाही" असं म्हणणारे सदस्य अगदी मनापासून म्हणत होते. वर्षाअखेरीस दोन्ही रकान्यांची बेरीज वाचून दाखवली. मुलींच्या बुटांपुढे शून्य होतं. मुलांच्या मापाचे उरलेले ट्रॅकसूट मुलींना दिले जात होते, म्हणून गणवेशापुढेही शून्य. सभागृहात कुणी वाद घातला नाही. ज्येष्ठ सदस्यांपैकी एक काका, जे मला कायम विरोध करायचे, तेच म्हणाले, "हे वाईट दिसतंय, दुरुस्त करा." पुढच्या अंदाजपत्रकात मुलींसाठी बूट आले.

तुम्ही कोणत्याही पदावर असा, हे दोन रकाने पाडून घ्या. क्रिकेट अकादमी असो की जिम.

सभेत

आमच्या सभा रात्री साडेनऊला एका सदस्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत व्हायच्या. मी पहिला ठराव वेळेचा मांडला: रविवार, सकाळी अकरा, शाळेच्या वर्गात. त्यानंतर तीन बायका यायला लागल्या. पोहे-जिलेबी मागवली जायची, आणि ती वाढायचं काम आपसूक आमच्याकडे यायचं. मी पहिल्याच वेळी खुर्चीवरून उठले नाही. सचिवांनी दोन मिनिटं वाट पाहिली आणि स्वतः प्लेटा फिरवल्या. यावर एक शब्दही बोलावा लागला नाही.

मला सगळे "वहिनी" म्हणायचे. प्रेमाने म्हणायचे, त्यात खोट नव्हती. पण इतिवृत्तातही "वहिनींनी सुचवलं" असं लिहिलेलं पाहिलं, तेव्हा विनंती केली की रजिस्टरात नाव आणि पद लिहा. बाहेर वहिनीच म्हणा.

विषयपत्रिकेतला शेवटचा मुद्दा नीट बघत जा: "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय". निवड समिती, मोठी खरेदी, कुणाची नेमणूक हे सगळं त्यात, लोक घड्याळाकडे बघायला लागले की येतं. सभेआधीच लेखी कळवा की आर्थिक आणि निवडीचे विषय ऐनवेळी घेऊ नयेत. तरी आले तर "माझी असहमती नोंदवावी" असं म्हणा आणि नोंद होईपर्यंत सही करू नका.

एकटीने जाऊ नका. पी. टी. उषा डिसेंबर २०२२ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटनेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. तरीही सीईओच्या नेमणुकीवरून कार्यकारी परिषदेतले बहुसंख्य सदस्य २०२४ मध्ये त्यांच्या विरोधात उभे राहिले आणि प्रकरण महिनोन् महिने अडकलं. एवढ्या मोठ्या खेळाडूची ही गत, तर आपण जिल्ह्यातल्या. तुमच्या बाजूने हात वर करणारी तीन-चार माणसं आधी तयार करा, आणि त्यात पुरुषही असू द्या.

मला स्वतःला जवळचं वाटतं ते उदाहरण शुभांगी कुलकर्णींचं. भारताच्या महिला क्रिकेट संघाच्या माजी कर्णधार, लेगस्पिनर. २००६ मध्ये महिला क्रिकेटची संघटना बीसीसीआयमध्ये विलीन झाली, तेव्हा त्या संघटनेच्या सचिव त्या होत्या. आमच्या इंदूरच्या संध्या अग्रवाल यांनी १९८६ मध्ये इंग्लंडमध्ये कसोटीत १९० धावा केल्या, तो तेव्हाचा विश्वविक्रम होता, आणि इंदूरकर ते अभिमानाने सांगतात. सांगायलाच हवं. पण संघ बाहेर पाठवायचा तर पत्रव्यवहार, तिकिटं, पैसे हेही कुणीतरी उभं करावं लागतं, आणि त्या बायकांची नावं आपल्याला माहीत नसतात.

तक्रार आली तर

इथे मी हळू लिहिते आहे, कारण यात चुकलं तर एखाद्या मुलीचं आयुष्य बिघडतं.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात 'कामाचं ठिकाण' या व्याख्येत क्रीडासंस्था, स्टेडियम, क्रीडासंकुल आणि स्पर्धेची जागा स्पष्टपणे लिहिलेली आहे. दहा किंवा अधिक माणसं काम करत असतील तर अंतर्गत समिती हवी. तिची अध्यक्ष महिला, निम्म्या सदस्य तरी महिला आणि एक सदस्य बाहेरच्या संस्थेतली. त्याहून लहान संस्था असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत द्यायची असते आणि चौकशी नव्वद दिवसांत संपवायची असते. समितीतल्या सदस्यांची नावं आणि फोन नंबर मैदानावर, मुलींच्या कपडे बदलायच्या खोलीत मोठ्या अक्षरात लावा.

मुलगी अठराच्या खालची असेल तर समितीची वाट बघायची नाही. पॉक्सो, म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याने पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे आणि न कळवणं हा गुन्हा आहे. १०९८ हा चाइल्डलाइनचा, म्हणजे मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा नंबर. "स्पर्धा होऊन जाऊ दे", "तिच्याच बदनामीचा प्रश्न आहे", "कोच जुना माणूस आहे", ही तीन वाक्यं मी ऐकली आहेत. ती म्हणणारी माणसं वाईट नव्हती. तरीही त्यांचं ऐकू नका. मुलीजवळ बसा, ती सांगेल ते तिच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून लिहा आणि त्याच दिवशी कळवा. तिला पुन्हा पुन्हा तेच सांगायला लावू नका.

आता घाई का

राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेत मंजूर झाला. राष्ट्रीय महासंघांच्या कार्यकारिणीत जास्तीत जास्त पंधरा सदस्य आणि त्यात किमान चार महिला, असं त्यात आहे. याचे वारे खालीही वाहणार, म्हणूनच तर पाडव्याला ती मुलगी माझ्याकडे आली. संघटनांना आता बायकांची नावं हवी आहेत.

आपल्याकडे पंचायतीत निम्म्या जागा बायकांना मिळाल्या आणि त्याबरोबर 'सरपंचपती', म्हणजे बायकोच्या नावावर कारभार हाकणारा नवरा, हा शब्दही आला. खो-खोत सरपंच म्हणजे मैदानावरचा शेवटचा शब्द. तिथे सरपंचाचा नवरा येऊन निर्णय देत नाही. संघटनेच्या टेबलावरही तसंच झालं पाहिजे असं मला कळकळीने वाटतं. आणि ते व्हायचं असेल तर ज्या जागा येताहेत तिथे नियमावली वाचलेल्या, गुणपत्रक लिहिलेल्या बायका आधीच तयार हव्यात.

पाडव्याच्या त्या दिवशी ती उठली तेव्हा ताट रिकामं होतं आणि तिच्या वहीची चार पानं भरली होती. दुसऱ्या दिवशी तिने त्यांना फोन केला, "उपाध्यक्ष नको, सहसचिव करा, आणि नियमावलीची प्रत पाठवा." तिकडून आठवडाभर काही उत्तर आलं नाही. मधल्या काळात तिने क्लबसाठी सहा नावं जमवली. सातवं मिळेना, तेव्हा तिच्या सासूबाई म्हणाल्या, "माझं घाल की. मी काय फक्त पापड लाटायला आहे?" माझ्या जेवणाच्या टेबलावर बसून त्यांनी सावकाश, एकेक अक्षर काढत सही केली. अर्ज बरोबर घेऊन येत्या मंगळवारी आम्ही तिघी फर्म्स अँड सोसायटीच्या कार्यालयात जाणार आहोत.